क्रम तोच, म्हणून निकालही तोच?

"जीएसईए ही क्रमवारीवर चालणारी पद्धत आहे. सगळ्या जनुकांच्या गुणांत एकच आकडा मिळवला किंवा वजा केला, तरी क्रम जिथल्या तिथे राहतो. मग निकाल कशाला बदलेल?" जनुकांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्यांमध्ये हा युक्तिवाद इतक्या सहजपणे केला जातो, की करणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही त्यात तपासण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. युक्तिवाद नेटका आहे. त्यातले क्रमाविषयीचे विधान तर निर्विवाद आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि ही चूक किरकोळ नव्हे. 'हा पाथवे दबला' या वाक्याच्या जागी 'हा पाथवे चेतवला गेला' हे वाक्य निव्वळ एका बेरजेने येऊ शकते. ते कसे, ते आकड्यांनिशी दाखवतो.

जीन सेट एनरिचमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे जीएसईए, दोन गटांच्या तुलनेपासून सुरू होते: रोगी आणि निरोगी, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी, असे काहीही. त्या तुलनेतून प्रत्येक जनुकाला एक गुण मिळतो आणि पंधरा-वीस हजार जनुके उतरत्या गुणांनी मांडली जातात. मग एखादा जनुकसंच, उदाहरणार्थ एखाद्या पाथवेतली जनुके, घ्यायचा आणि यादीच्या डोक्यापासून तळापर्यंत चालत जायचे. संचातले जनुक भेटले की धावती बेरीज वाढवायची, बाहेरचे भेटले की घटवायची. ही बेरीज शून्यापासून सर्वांत दूर जिथे पोचते, तो त्या संचाचा एनरिचमेंट स्कोअर. तो धन आला तर संच यादीत वर गोळा झाला आहे, ऋण आला तर खाली.

इथवर क्रमाचेच राज्य आहे. पण वाढवायची म्हणजे कितीने? बाहेरच्या जनुकासाठी घट दर वेळी सारखीच असते. संचातल्या जनुकासाठी मात्र त्याच्या गुणाचे केवल मूल्य घ्यायचे, संचातल्या सगळ्या जनुकांच्या केवल मूल्यांच्या बेरजेने त्याला भागायचे, आणि येईल तेवढी भर घालायची. ही काही कुणाची खासगी सुधारणा नाही. २००५ साली सुब्रमण्यन, तमायो, मूथा, मेसिरोव्ह आणि सहकाऱ्यांनी 'पीएनएएस'मध्ये जी पद्धत मांडली, तिचेच हे सूत्र आहे. त्यात 'पी' नावाचा एक घातांक आहे आणि त्याची नेहमीची किंमत १ आहे. पी शून्य केला तर सगळी वजने सारखी होतात आणि पद्धत खरोखर केवळ क्रमावर चालू लागते. पी १ असताना क्रम फक्त कोण कुणाआधी भेटणार एवढे ठरवतो. भेटल्यावर उडी किती मोठी हे गुण ठरवतो. 'क्रमवारीवर चालणारी पद्धत' म्हणणाऱ्यांनी सूत्राचा डावा अर्धा भाग वाचून वही मिटली आहे.

दहा जनुकांची यादी घेऊ. गुण वरून खाली ५, ४, ३, २, १, उणे १, उणे २, उणे ३, उणे ४, उणे ५. संचात तीन जनुके आहेत: पहिले, नववे आणि दहावे. केवल मूल्ये ५, ४ आणि ५, बेरीज १४. पहिल्याच पावलाला धावती बेरीज ५/१४, म्हणजे ०.३५७ होते. पुढची सात जनुके बाहेरची आहेत, प्रत्येकी १/७ वजा, म्हणजे एकूण १ वजा. आठव्या जनुकापाशी आपण उणे ०.६४३ वर असतो. नंतरच्या दोन उड्या बेरीज शून्यावर परत आणतात. स्कोअर उणे ०.६४३. संच तळाशी गोळा झाला आहे. जीवशास्त्रज्ञाच्या भाषेत, दबला आहे.

आता सगळ्या गुणांत ५ मिळवा. यादी १०, ९, ८, ७, ६, ४, ३, २, १, ० अशी होते. एकही जनुक जागचे हललेले नाही. संचाची केवल मूल्ये मात्र आता १०, १ आणि ० आहेत, बेरीज ११. पहिली उडी १०/११, म्हणजे ०.९०९. सात पावलांनी बेरीज उणे ०.०९१ वर उतरते आणि मग शून्य. सर्वांत दूरचा टप्पा पहिल्याच पावलाचा, स्कोअर अधिक ०.९०९. तोच संच, तोच क्रम, आणि तो आता दणक्यात 'चेतवला गेला' आहे. लीडिंग एज म्हणून ज्या जनुकांकडे आपण पुढच्या प्रयोगासाठी बोट दाखवतो, तीही बदलली: आधी नववे आणि दहावे होते, आता एकटे पहिले. उलट ५ वजा केले असते तर पहिल्याचे वजन शून्य झाले असते आणि स्कोअर थेट उणे १ आला असता.

आणखी एक गंमत. ५ ऐवजी १०० मिळवा. वजने १०५, ९६ आणि ९५. स्कोअर उणे ०.६४५. म्हणजे सरकवणे वाढवत नेले की निकाल एका दिशेने सरळ जात नाही. फिरतो आणि परत येतो. कारण मोठा आकडा मिळवला की सगळी वजने जवळजवळ सारखी होतात आणि पद्धत नकळत पी शून्यच्या रूपाकडे जाते. त्या रूपात या संचाचा स्कोअर उणे ०.६६७ आहे. ज्याने १०० मिळवले त्याच्या मते तो पी १ चेच विश्लेषण करतो आहे, आणि लेखातही तो तसेच लिहितो. प्रत्यक्षात तो दुसरीच चाचणी करून बसला आहे.

मूळ भानगड मोजमापाच्या प्रकाराची आहे. नागपुरात ४० अंश सेल्सिअस असताना महाबळेश्वरला २० अंश असेल, तर नागपूर महाबळेश्वरपेक्षा गरम आहे हे कुणीही सांगेल. पण 'दुप्पट गरम' म्हणणाऱ्याला आपण हसू, कारण दोन्हींत २७३ मिळवून केल्व्हिनमध्ये गेलो की ३१३ आणि २९३ उरतात आणि ते दुप्पटपण नाहीसे होते. क्रम टिकला, गुणोत्तर टिकले नाही. गुणोत्तराला अर्थ यायचा तर शून्य खरे असावे लागते. स्टीव्हन्सने १९४६ साली 'सायन्स'मध्ये मोजमापांच्या पायऱ्या लावल्या तेव्हापासून हे पाठ्यपुस्तकी ज्ञान आहे. जीएसईएची प्रत्येक उडी हे एक गुणोत्तर आहे. म्हणूनच सगळे गुण दुपटीने वाढवले तर निकालात फरक पडत नाही. वरचे आणि खालचे दोन्ही दुप्पट होऊन छेद जातो. बेरजेने मात्र शून्य हलते आणि सगळी गुणोत्तरे मोडतात. गुणाकार चालतो म्हणून बेरीजही चालत असावी, असा बऱ्याच जणांचा समज झालेला दिसतो.

वजनांचा हा उपद्व्याप करायचाच कशाला, असा प्रश्न इथे येतो आणि त्याचे उत्तर पद्धतीच्या इतिहासात आहे. २००३ साली मूथा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये ४३ पुरुषांच्या स्नायूंच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले १७ निरोगी, ८ जणांची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली, आणि १८ जणांना टाइप २ मधुमेह. एकेकटे पाहिले तर कुठलेच जनुक कसोटीला उतरत नव्हते. पण ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनच्या जनुकांचा संच एकत्र पाहिला तेव्हा मधुमेहींमध्ये त्यांची पातळी सरसकट सुमारे २० टक्क्यांनी उतरलेली दिसली. तेव्हाच्या पद्धतीत सगळी वजने सारखी होती. त्यातला दोष दोन वर्षांत लक्षात आला: यादीच्या मधोमध गर्दी केलेले संचही मोठा स्कोअर मिळवत, आणि मधोमध असणे म्हणजे रोगाशी काही संबंध नसणे. म्हणून २००५ साली वजने आली. ज्या जनुकाचा गुण शून्याजवळ आहे त्याने निकालात जवळजवळ बोलूच नये, हा त्यामागचा उघड हेतू आहे.

म्हणजे शून्य हा या पद्धतीत निव्वळ एक आकडा राहत नाही. 'इथे काहीच घडले नाही' असे सांगणारी ती खूण आहे. सगळ्या गुणांत काही मिळवणारा माणूस ही खूण उचलून दुसऱ्या जनुकांपाशी रोवतो. त्या २० टक्के घटीसारखा परिणाम आजच्या पद्धतीने, फोल्ड चेंजचे, म्हणजे दोन गटांतल्या पातळ्यांच्या गुणोत्तराचे, गुण लावून शोधायचा ठरवला तर काय होईल ते बघा. २० टक्के घट म्हणजे लॉग२ मापात सुमारे उणे ०.३२. शून्य तेवढेच सरकले तर अख्खी गर्दी शून्यावर येऊन बसते आणि तिचा आवाज बंद होतो. मग त्या संचातली जी दोन-चार जनुके इतरांपेक्षा वेगळी वागली, ती एकूण वजनाचा मोठा वाटा खाऊन बसतात आणि निकाल ठरवतात. बहुतेक जनुके मिळून हलकेच सरकली हे ओळखणे हीच या पद्धतीची मिरवण्यासारखी ताकद, आणि नेमकी तीच अशी जाते.

यावर ठरलेले उत्तर मिळते: "पण पर्म्युटेशन आहे ना! सरकवलेल्या यादीवरच यादृच्छिक संच काढतो, म्हणजे तुलना न्याय्यच झाली." नाही झाली. पर्म्युटेशनमधून मिळणारा नॉर्मलाइझ्ड स्कोअर काढताना मूळ स्कोअरला त्याच चिन्हाच्या यादृच्छिक स्कोअरांच्या सरासरीने भागतात. त्याच चिन्हाच्या. उणे ०.६४३ चे अधिक ०.९०९ झाले असेल, तर भागाकाराने ते चिन्ह पुन्हा फिरत नाही. उलट्या बाजूला गेलेला संच तिथेच राहतो. शिवाय यादृच्छिक संचही आता एका बाजूला कलतात. आपल्या दहा जनुकांच्या यादीत आधी वरच्या पाचांकडे एकूण वजनाचे ५० टक्के होते. ५ मिळवल्यावर त्यांच्याकडे ८० टक्के गेले. मग यादृच्छिक संच उचलला, तर त्याची बेरीज बहुधा सुरुवातीलाच वर चढते. ऋण बाजूला तुलनेसाठी यादृच्छिक संचच अपुरे पडतात. एफजीएसईए या आर पॅकेजच्या लेखकांना हे ठाऊक होते. सगळे गुण धन असलेली यादी दिली की ते पॅकेज इशारा देते आणि 'स्कोअर टाइप' बदलून 'पॉझ' करण्याचा विचार करा असे सुचवते. धन-ऋण गुणांचा तोल फारच ढळला तर काही संचांच्या पी-व्हॅल्यू नीट काढता आल्या नाहीत, असेही कबूल करते. पण इशाऱ्यांच्या लाल ओळी वर सरकवून तक्ता पाहण्यात आपण सगळेच तरबेज झालो आहोत.

पर्म्युटेशनच्या कैवाऱ्यांचे एक म्हणणे खरे आहे: सरकवलेल्या यादीवरची पी-व्हॅल्यू तिच्यापुरती बरोबर असू शकते. पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन चाचण्या, दोन प्रश्न. आणि तुम्ही कुठला विचारला होता हे तुमच्या लेखात लिहिलेले नाही.

काही जण म्हणतील, तुमचे उदाहरण मुद्दाम रचलेले आहे. खरा संच एका टोकाला घट्ट गोळा होतो आणि तिथे सरकवण्याने काही बिघडत नाही. यातला दुसरा भाग मी मान्य करतो. संच अगदी टोकाला असेल तर वजने कशीही वाटा, स्कोअर अधिक किंवा उणे १ च्या आसपासच राहणार. पण तसा संच शोधायला जीएसईएची गरजही फारशी पडत नाही. वाद होतात ते मिश्र संचांवर. जीन ऑन्टोलॉजीतल्या 'अमुक क्रियेचे नियमन' छापाच्या संचांत त्या क्रियेला चालना देणारी आणि तिला लगाम घालणारी जनुके एकत्र नांदतात. एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाच्या संचात त्याच्याच निरोधकाचे जनुक, एनएफकेबीआयए, असते. संच दोन्ही टोकांना विभागलेला असणे हा अपवाद नाही, आणि वजनांचा खेळ नेमका तिथेच निकाल उलटवतो.

"पण कोण असे आकडे मिळवत बसतो?" हा आक्षेप सर्वांत भाबडा आहे. हाताने मिळवणारे थोडे असतील. आपोआप मिळवणारे सगळेच आहोत. आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये एका नमुन्यात जास्त रीड्स, म्हणजे वाचलेले आरएनएचे तुकडे, आल्या, दुसऱ्यात कमी, म्हणून नॉर्मलायझेशन करावे लागते. नमुन्यांना दिलेला गुणक बदलला की दोन गटांतल्या प्रत्येक जनुकाच्या लॉग फोल्ड चेंजमध्ये एकच स्थिरांक मिळतो. म्हणजे नॉर्मलायझेशनची निवड हीच सरकवण्याची निवड. २०१० साली रॉबिन्सन आणि ओशलॅक यांनी टीएमएम पद्धत मांडली ती याच दुखण्यावर: यकृतासारख्या ऊतीत मूठभर जनुके प्रचंड प्रमाणात व्यक्त होतात, एकूण रीड्सचा मोठा हिस्सा तीच घेतात, आणि उरलेली सगळी जनुके खरे तर जागच्या जागी असूनही मूत्रपिंडाच्या तुलनेत उतरल्यासारखी भासतात. टीएमएम काय किंवा डीईसेक२ या पॅकेजमधली मध्यकाची रीत काय, दोन्ही बहुतेक जनुके बदललेली नाहीत असे गृहीत धरून शून्य बसवतात. बहुतेक वेळा ते गृहीतक रास्त असते.

नेहमी नसते. २०१२ साली 'सेल'मध्ये लोव्हेन आणि सहकाऱ्यांनी सी-मिक हे जनुक चढवलेल्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रूढ नॉर्मलायझेशनने काही जनुके वर, काही खाली असे परिचित चित्र दिसले. पेशींच्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचे ज्ञात आरएनए मिसळून मोजले, तेव्हा दिसले की जवळजवळ सगळीच जनुके वर गेली आहेत. प्रत्येक पेशीतला एकूण आरएनएच वाढला होता आणि नॉर्मलायझेशनने तो फरक पुसून टाकला होता. एकूण आरएनए दुप्पट झाला तर प्रत्येक लॉग२ फोल्ड चेंजमध्ये बरोबर १ मिळायला हवा. रूढ पद्धत तो १ वजा करून देते. आता सांगा, कुणी आकडा सरकवला?

गुण म्हणून फोल्ड चेंजऐवजी टी-गुणांक लावणाऱ्यांना वाटते आपण सुटलो. त्यांची अवस्था एका अर्थी अधिक बिकट आहे. फोल्ड चेंजमध्ये मिळालेला स्थिरांक टीमध्ये शिरताना प्रत्येक जनुकाच्या प्रमाणत्रुटीने भागला जातो, म्हणजे प्रत्येक जनुक वेगळ्या अंतराने सरकते. तिथे 'क्रम तोच राहतो' एवढेही म्हणता येत नाही. पी-व्हॅल्यूचा उणे लॉग, दिशेचे चिन्ह न लावता, गुण म्हणून देणारेही कमी नाहीत. अशा यादीचा तळ म्हणजे कुठलाही फरक न दिसलेली जनुके. तिथे गोळा झालेल्या संचाचा अर्थ एवढाच की त्यात काही घडल्याचा पुरावा इतरांपेक्षा कमी आहे. तरी तक्त्यात ऋण स्कोअर दिसला की 'पाथवे दबला' असे लिहून मोकळे होतात.

मग उपाय म्हणून सांगितले जाते, मध्यक वजा करा आणि झोपा. क्रिस्पर स्क्रीनसारख्या प्रयोगात, जिथे बहुतेक जनुके काढल्याने पेशीला फरक पडत नाही, हे शहाणपणाचे आहे. नियंत्रणासाठी ठेवलेल्या गाइडवरून शून्य ठरवणे त्याहून बरे. पण मध्यक शून्यावर आणणे म्हणजे निम्मी जनुके वर आणि निम्मी खाली गेली असे आधीच जाहीर करणे. सी-मिकच्या पेशींत ते खोटे ठरले असते. शिवाय मध्यक हा यादीत कोण आहे यावर ठरतो. कमी व्यक्त होणारी जनुके गाळण्याची मर्यादा थोडी हलवली की मध्यक हलतो, शून्य हलते.

दुसरा उपाय पी शून्य करण्याचा. ज्याला खरोखर फक्त क्रमच हवा आहे त्याने तो जरूर करावा. किमान तो बोलतो तेच करतो. मधल्या गर्दीचा २००३ चा जुना दोष त्याच्यासोबत परत येतो, हे मात्र त्याने विसरू नये. जीएसव्हीएसारख्या पद्धती क्रमांकांनाच वजन बनवतात आणि वजनाचे शून्य यादीच्या बरोबर मध्यावर ठेवतात. सरकवण्याने त्या हलत नाहीत हे खरे, पण मध्य म्हणजेच 'काही घडले नाही' हा निर्णय त्यांनीही घेतलेलाच आहे. वू आणि स्मिथ यांची २०१२ ची कॅमेरा चाचणी संचातल्या जनुकांची सरासरी बाहेरच्यांच्या सरासरीशी ताडते. सगळ्या गुणांत एकच स्थिरांक मिळवला असेल, तर तो वजाबाकीत उडून जातो. सरकवण्याची भीती असेल तर अशी चाचणी शेजारी चालवून पाहणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त पडताळा आहे. दोन्हींची दिशा जुळली नाही, तर जीएसईएच्या निकालात शून्याच्या जागेचा वाटा किती हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शून्य कुठे आहे हे प्रयोगातूनच ठरणार नसेल, तर एका शून्याऐवजी संभाव्य शून्यांचा पट्टा घ्यावा. मॅकगव्हर्न, निक्सन आणि सिल्व्हरमन यांनी २०२३ साली हाच मार्ग सुचवला: नॉर्मलायझेशनमधली चूक किती असू शकेल त्याची व्याप्ती धरायची आणि त्या सबंध व्याप्तीत निकाल टिकतो का ते पाहायचे. स्थिरांक लॉग२ मापात उणे १ पासून अधिक १ पर्यंत नेऊन प्रत्येक संचाचा स्कोअर मांडा. काही संच जागचे हलणार नाहीत, काहींचे चिन्ह वाटेतच फिरेल. फिरणाऱ्यांची नावे पुरवणी तक्त्यात, ती कुठल्या आकड्याला फिरली त्यासह, छापावीत, आणि परीक्षकाने ती मागावीत. एफजीएसईएला लॅपटॉपवर अशा एका फेरीला सहसा काही मिनिटेही लागत नाहीत. तेव्हा वेळ नव्हता, ही सबबही कुणाला पुढे करता येणार नाही.